गळत नसलेल्या ट्यूबला ठिगळ

सोमवार, संध्याकाळ

चि. धाकटीस,
अनेक उ. आशीर्वाद. पत्रास कारण की, फोनवर तू हो हो म्हणतेस आणि ऐकतेस भलतंच, म्हणून नेहमीसारखं दूधगाडीवाल्याच्या हाती लिहून पाठवतोय. आधी बसून घे. पाय प्लास्टरमध्ये म्हणजे बसलेलीच असशील, तरी नीट टेकून बस.

चिमणीला दवाखान्यात ठेवलंय. नोकरीसाठी तिला माझ्याकडे पाठवलीस तेव्हा म्हणाली होतीस, दादा, पोर तुझ्या भरवशावर. तेव्हापासून ती शिंकली तरी मी दुकान टाकून धावतो. या वेळी मात्र शिंक नव्हती. अंगाची लाही करणारा ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, आणि हाडं अशी दुखत होती की चष्म्याच्या दुकानातून भर दुपारी घरी आली. तपासणीत डेंग्यू निघाला. रक्तात म्हणे प्लेटलेट नावाच्या बारीक टिकल्या असतात. कुठे जखम झाली की धावत जाऊन तिथे चिकटतात आणि रक्त थांबवतात. धडधाकट माणसात त्या दीड लाखाच्या वर, चिमणीच्या पस्तीस हजारांवर उतरल्यात.

खाट खिडकीजवळची आहे, हवा छान येते. औषधांची ट्रॉली तेवढी अशी करकरते की मेलेला उठून बसेल. सिस्टरबाईंनी मला कामाला लावलंय. पोर किती पाणी प्यायली आणि लघवीला किती झाली, ते मापाच्या भांड्यात बघून सांगायचं. सायकलवाल्याने जन्मभर ट्यूबमधली हवा मोजली, आता हे. चिमणी म्हणाली, मामा, मी तोंड कुठे लपवू. मी म्हटलं, पांघरूण कशाला दिलंय?

जिवाला लावून घेऊ नकोस. पोरीवर तुझी माया आहेच, जरा भरवसाही ठेव.
तुझा दादा

मंगळवार

ती. दादास,
सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचलं आणि भाकरीचा घास घशात अडकला, असं लिहिणार होते, पण घास घेतलाच नव्हता. तू गमतीजमती लिहितोस म्हणजे प्रकरण गंभीर आहे, एवढं मी लहानपणापासून ओळखते. छपरावरून पडलास तेव्हाही तू आईला विनोदच सांगितला होतास.

आता नीट ऐक. शेजारच्या मास्तरीणबाईंच्या जावयाला हाच ताप आला होता. त्याला तिथल्या डॉक्टरांनी पिशव्यांमागून पिशव्या प्लेटलेट चढवल्या, म्हणून तो आज हिंडतोफिरतो आहे. बाई म्हणाल्या, आकडा वीस हजारांखाली गेला की खेळ संपला. तुझे डॉक्टर काय मुहूर्त बघतायत? रक्त देणारी माणसं गोळा कर आणि पोरीला पिशवी चढव. नसतील चढवत तर गाडी कर आणि दुसऱ्या दवाखान्यात हलव. तू भिडस्त आहेस, गिऱ्हाइकाने दमडी कमी दिली तरी हसतोस. इथे हसू नकोस.

मला एकच लेक आहे, दादा. जास्त लिहवत नाही.
तुझी धाकटी

बुधवार, रात्री

चि. धाकटीस,
अ. उ. आ. तुझी आज्ञा शिरसावंद्य मानली आणि माझी चांगलीच फजिती झाली.

रोज पहाटे सायकली हाणत जाणारं टोळकं माझ्याच दुकानात हवा भरतं. त्यांना शब्द टाकला. सगळे तसेच आले, घट्ट चड्ड्या, डोक्यावर हेल्मेट, दवाखान्याच्या दारात ही रांग. चौकीदाराला वाटलं शर्यत इथूनच सुटणार. तोवर चिमणीचा आकडा सोळा हजारांवर आला होता. मी डॉक्टरीणबाईंपुढे उभा राहिलो, म्हटलं, ही माणसं, हे त्यांचे दंड, काढा रक्त. त्या नाही म्हणाल्या. मी आवाज चढवला. हो, मी. खाली गाडीसुद्धा आणून ठेवली होती.

बाई वयाने चिमणीएवढ्या, पण चिडल्या नाहीत. मला बाकावर बसवलं आणि विचारलं, काका, धंदा काय? सांगितला. मग त्यांनी विचारलं की ट्यूब कुठेच गळत नसेल, पण डबीतली ठिगळं संपत आली असतील, तर तुम्ही भीतीपोटी चांगल्या ट्यूबवर ठिगळं डकवता का? मी म्हटलं, असं करणाऱ्याला मी दुकानात उभा करणार नाही. त्या म्हणाल्या, मग मला का सांगताय? चिमणीला कुठूनही रक्त येत नाही. आत्ता बाहेरून टिकल्या ओतल्या तर हा आजार त्याही फस्त करतो, आकडा थोडा वेळ फुगतो आणि पुन्हा बसतो. त्याने रक्तस्राव टळतो असं दिसलेलं नाही. उलट परक्या रक्ताने अंगावर गांधी उठतात, कधी दम लागतो. रक्त वाहायला लागलं तर मात्र त्या कुणाच्या परवानगीची वाट बघणार नाहीत, रक्तगट जुळवून पिशवीची सोय लावून ठेवली आहे.

आज ताप उतरला म्हणून मी देवाचे आभार मानायला निघालो होतो, तर म्हणाल्या, खरी राखण आता. या आजारात ताप उतरतानाच नसांमधलं पाणी बाहेर पाझरतं आणि रक्तदाब कोसळतो. माणूस दगावतो तो बहुधा त्याने. पोट दुखलं, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले, लघवी कमी झाली की लगेच हाक मारा. म्हणजे माझं ते भांडं थट्टेचं काम नव्हतं.

मी गाडी परत पाठवली. तू रागावशील, ठाऊक आहे. पण धाकटे, गळत नसताना ठिगळ नको, हे मला पटलं. पटलेलं नाकारून पोरीला रस्त्यावर हिंदकळत नेणं माझ्याच्याने झालं नाही.

राग कर, पण लिहीत राहा.
दादा

गुरुवार

ती. दादास,
नमस्कार. 

ट्यूब! माझी मुलगी ट्यूब आहे का? एक पोरगेली डॉक्टरीण दोन गोड शब्द बोलली आणि तू विरघळलास. सोळा हजार, दादा! मी दूधगाडीवाल्याला सांगितलंय, शनिवारी मला कॅनच्या मध्ये बसव, प्लास्टरसकट येते. तो म्हणाला, आजी, दूध नासेल. नासू दे म्हटलं.

तिला काही झालं तर मी तुला दोष देणार नाही, पण तुझ्याशी बोलायचं काय, हे मला कळणार नाही. एवढंच.
धाकटी

शुक्रवार, दुपार

चि. धाकटीस,
आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद! शनिवारचं येणं रद्द कर, दूध वाचव. आकडा वर निघालाय. काल बारा हजारांपर्यंत घसरला होता, तो आज सकाळी सव्वीस हजार. कुणी काही चढवलं नाही, आपला आपण. रक्तदाब ठीक, भांडं भरतंय, आणि पोरीने सूप अळणी आहे म्हणून भांडण काढलं. भांडली, तेव्हा मी सुटलो.

आता कालची गोष्ट सांगतो, कारण चिमणी सांगणारच आहे आणि ती तिखटमीठ लावेल. तुझं पत्र वाचून हात स्वस्थ बसेनात. ती करकरणारी ट्रॉली समोरच होती. खिशात पाना असतोच. सिस्टरबाई जेवायला गेल्या तशी मी ती आडवी केली, चाकात अडकलेला केसांचा नि दोऱ्याचा गुंता ओढून काढला, तेल सोडलं. मग चिमणीची उशी सारखी केली, आणि बघतो तर अभ्रा लालभडक! धाकटे, माझ्या डोळ्यांपुढे तू उभी राहिलीस. मी असा ओरडलो की अख्खा वॉर्ड जागा झाला. डॉक्टरीणबाई धावत आल्या, पिशवीसाठी निरोप गेला. चिमणीचं नाक, कान, हिरड्या सगळं पाहिलं, कुठे काही नाही. ती बिचारी सगळ्यांना विचारत होती की मी मरतेय का, आणि मरत असेन तर मामाला आधी गप्प करा.

शेवटी सिस्टरबाईंनी माझाच हात धरून वर केला. अंगठा चाकाच्या पत्र्याने चांगला चिरला होता, मला पत्ताच नव्हता. रक्त माझं होतं! पिशवीचा निरोप मागे घेतला. मला टाके घालताना डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या की काका, आज पहिल्यांदा या खोलीत गळणारी ट्यूब सापडली.

आणखी एक. आपल्या टोळक्यातल्या दोघांनी आल्यासरशी रक्त दिलंच होतं. त्यातल्या टिकल्या वरच्या मजल्यावरच्या एका माणसाला लागल्या. त्याला खरोखर रक्ताच्या उलट्या होत होत्या. आता बरा आहे म्हणतात.

ट्रॉली आता आवाज करत नाही. त्यावर पेशंटांची तक्रार, सुई घेऊन बाई कधी येतात ते कळतच नाही. भलं करायला जावं तर असं.

आता तरी हस, आणि मला पूर्वीसारखं शिव्या घालत लिही.
तुझा दादा

बुधवार

ती. दादास,
सा. न. वि. वि. चिमणी काल सुखरूप पोचली. गाडीतून उतरली तेव्हा मी कुबड्या टाकून तिला धरलं, आणि मग तिनेच मला धरलं. रोडावली आहे, तळवे खाजतात, पण ते बरं होतानाचं आहे असं कागदावर लिहून आणलंय. आता माझ्या खाटेवर आडवी पसरून झोपली आहे. मी मघापासून नुसती बघत बसले आहे. पत्र लिहायला घेतलं ते तेवढ्यापुरतं नजर हलवावी म्हणून.

मास्तरीणबाई येऊन गेल्या. मी त्यांना ट्यूब आणि ठिगळ समजावून सांगितलं. त्यांना पटलं नाही. मग मी आवाज चढवला.

तू भिडस्त आहेस, नुसता हसतोस असं मी लिहिलं होतं. ते पत्र शेगडीत घाल. आणि दुकानामागे जुने टायर रचून ठेवले आहेस, त्यांत साचलेलं पाणी आजच्या आज ओत. चिमणी सांगत होती, डास तिथेच वाढतात. टायर झाक, नाहीतर मी खरंच कॅनच्या मध्ये बसून येईन.

अंगठा कसा आहे? ठणकत असेल तर त्या डॉक्टरीणबाईंना दाखव, पण उगाच पिशवी मागू नकोस. त्या देणार नाहीत, आणि या वेळी मी त्यांच्या बाजूने आहे.

चिमणीने कूस बदलली. पत्र इथेच थांबवते, लोभ चालू ठेव.
तुझी धाकटी