दोष माझ्यात, आणि पेनल्टी पेनल्टीच

दुरास्नो, रविवार

तीर्थरूप सुल्माआत्येस,

मिल्टनचा वाकून नमस्कार आणि तुझ्या उजव्या गालावर एक मुका. (डावीकडची दाढ परवाच काढलीस असं कळलं, म्हणून तिकडचा राखून ठेवला आहे.) तुझ्या गुडघ्यांना, गाईंना आणि कुणाचंही न ऐकणाऱ्या त्या लंगड्या बोकडाला आराम पडो. इकडे सर्व क्षेम आहे. ग्रिसेलला पाचवा महिना लागला. सकाळी उठून लोणच्यातले कांदे खाते आणि घरात वास कसला येतोय म्हणून मलाच दरडावते.

फोनवर तू म्हणालीस, बाळ डॉक्टरकडून आलं हे चारचौघांत बोलू नकोस, पोटावर बांधायच्या त्या सान रामोन संताच्या फितीचा गुण आला म्हण. आत्या, उशीर झाला. चारचौघांत नाही, अख्ख्या मैदानात सांगून बसलोय. तुझ्या कानावर तिखटमीठ लावून येण्याआधी माझ्याकडूनच ऐक.

तुला ठाऊकच आहे, इतकी वर्षं सगळ्यांनी ग्रिसेललाच धारेवर धरलं. तू काढे पाठवलेस (ते तिने निमूट प्यायले, उरलेला मी जिरेनियमला घातला, ते वाळलं). शेवटी मोन्तेविदेओच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांचीही तपासणी केली. ग्रिसेल ठणठणीत. खोट माझ्यात. माझे शुक्रजंतू म्हणजे पावसात खेळायला आलेला संघ : संख्येने कमी, आणि आलेले तेही उलट्या दिशेने धावणारे. तेव्हा काचेच्या बशीत जुळवणी करायची ठरली. इंजेक्शनं ग्रिसेल स्वतःच पोटात टोचून घ्यायची. मी पहिल्या दिवशी मदतीला उभा राहिलो आणि शुद्धीवर आलो तेव्हा तीच मला वारा घालत होती. एवढं करून पहिली खेप फुकट गेली.

आणि त्याच आठवड्यातल्या रविवारी रेल्वेवाले विरुद्ध नदीकाठवाले सामना, पंच मी. ग्रिसेल कुंपणापाशी क्लबसाठी पिठाच्या तोर्ता तळत होती. (घरी बस म्हटलं तर म्हणाली, घरात भिंतीच बघायच्या ना?) शेवटाला रेल्वेवाल्यांच्या बचावपटूने हाताने चेंडू अडवला, मी शिट्टी फुंकली. तसा विल्मार खाटीक तारेला लटकून ओरडला, “अरे मिल्टन, लोकांना पेनल्ट्या वाटतोस, नि घरात एक गोल होईना! त्या वांझोटीला दे की सोडून!”

काही लोक हसले. मी ग्रिसेलकडे पाहिलं. तिचा झारा कढईवर तसाच थांबला होता. आत्या, शिव्या मी रोज खातो, पंचाचं ते जेवणच. पण हे मला गिळवेना. मी खेळ थांबवून तारेपाशी गेलो आणि म्हणालो, “विल्मार, ती वांझ नाही. दोष माझ्यात आहे. डॉक्टरांची मदत घेतोय, एकदा हरलोय, पुन्हा जाणार आहोत. सुया ती टोचून घेते, मी नुसता चक्कर येऊन पडतो. अजून काही विचारायचंय? नसेल तर ही पेनल्टी आहे.”

मग रेल्वेवाल्यांचा गोलरक्षक सेसिलिओ (दारातून आडवा आत येणारा गडी) हातमोजे काढून माझ्याजवळ आला. म्हणाला, “साहेब, आमची मोठी पोरगी अशीच झाली. आजवर बोललो नव्हतो.” आणि मैदानाच्या मधोमध तो हुंदके देऊ लागला. पेनल्टी अर्थातच आत गेली. त्याला चेंडू दिसलाच नाही. रेल्वेवाल्यांनी तक्रार केली की पंचाने आमचा गोलरक्षक रडवला, आणि खासगी कारणासाठी खेळ थांबवल्याबद्दल संघटनेने मला तीन सामने घरी बसवलं. असल्या शिक्षेचा कुणाला अभिमान वाटत नसेल, मला वाटतो. ग्रिसेल त्या संध्याकाळी माझा हात धरून मुख्य रस्त्याने घरी आली, मागच्या गल्लीने नाही.

दुसरी खेप टिकली. आता सामना संपला की कुणी ना कुणी बुटाची नाडी बांधत माझ्याजवळ रेंगाळतो आणि हळूच विचारतो, त्या डॉक्टरीणबाई कुठे बसतात. मी मोठ्याने सांगतो.

तुझा भाचा,
मिल्टन

ता. क. फितीबद्दल सान रामोनचे आभार मानलेच आहेत. डॉक्टरीणबाईंसाठी तुझ्या हातचं पेरूचं गोड मात्र पाठव.

ता. क. दुसरा. खरं तर पत्र लिहायला बसलो ते यासाठी. तुझा यामांदू आत्ता माझ्या समोर बसून येर्बाचा कडू चहा पितोय. गेल्या गुरुवारी तो आणि तुझी सून नोएलिया तपासणीला गेले होते. नोएलियात काही दोष नाही. तुला कसं सांगावं हे त्याला सुचेना, म्हणून मी आधी माझंच लांबण लावलं. आता कागद त्याच्याकडे देतो.

आई, मिल्टनने लिहिलंय ते खरं आहे. नोएलियाला काढे देणं बंद कर, आणि शेजारच्या बायकांनाही सांग. कारण विचारलं तर माझं नाव घे. पुढच्या रविवारी दोघं जेवायला येतोय. यामांदू.