टोपी ठेवून आलो

डिंभे, सोमवार. जून १९९७

आज नातीला, वैशूला, पहिल्यांदा बालवाडीत सोडलं. दारातच तिनं माझं धोतर धरलं आणि रडू लागली. डोक्यावरची टोपी काढून तिच्या हातात दिली. म्हटलं, "ही राहू दे तुझ्याजवळ. टोपीशिवाय मी कुठं जाणार? घ्यायला येतोच." ती गप्प झाली. बरं वाटलं.

येताना मारुतीला बाहेरूनच हात जोडले. बोडक्या डोक्यानं आत जाववेना. पारावर शेजारचा शंकर म्हणाला, "काय भाऊ, टोपी कुठंय? कोण गेलं का काय?" मी नुसता हसलो.

दुपारी तिला आणायला गेलो तर बाई म्हणाल्या, "रडली नाय, पण खेळलीबी नाय. टोपी छातीशी धरून भिंतीला बसली. खाऊलासुदिक हात लावला नाय. उद्या टोपी नका देऊ, भाऊ."

म्हणजे मी तिला धीर दिला, की राखणीला बसवलं? न दिली तर रडेल. दिली तर पोरांत मिसळणार कधी? जपाला बसलो तरी टोपीच डोळ्यांसमोर.

निजताना वैशूच म्हणाली, "आजोबा, टोपी मी कुणाला नाय दिली. तू घरी रडला नाय ना?"

"नाही गं."

"मग उद्या घालून जा." आणि झोपली.

आज सकाळी तिला सोडून बालवाडीतून वळताना माझेच डोळे भरले होते. तिला खोटं सांगितलं का मी? पण खरं सांगितलं असतं, तर माझ्या काळजीनं उद्याही टोपी धरून बसली असती.