बारा फुटी जोसेनिल्दो

ओलिंदा, ब्राझील,
राखेचा बुधवार, कार्निव्हल संपल्याचा दुसरा दिवस

प्रिय ओदवारदादा,

अक्षर वेडंवाकडं आलंय, कारण खांदे अजून हात उचलू देत नाहीत. पण मी मजेत आहे. इतकी, की स्वयंपाकघरात एकटीच हसत बसते.

तुला ठाऊकच आहे, जोसेनिल्दोशी लग्न करून या गावात सव्वीस वर्षं राहूनही मी कार्निव्हल एकदाही पाहिला नव्हता. शुक्रवारी पिशवी भरायची, डोंगरातल्या गावाची बस धरायची, बुधवारी परतायचं. चार दिवस दारात ढोल आणि घामेजलेली माणसं, आपल्या नॉर्वेच्या हाडांना हे सोसत नाही, असं मी म्हणायचे. जोसेनिल्दोनं कधी अडवलं नाही. गल्लीच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवून त्याचे ओठ सुजायचे; मी आले की बर्फ लावायचे. तो उतारावरून वाजवत जाताना कसा दिसतो, हे मला माहीतच नव्हतं.

यंदा तो वारल्यानंतरचा पहिलाच कार्निव्हल. जानेवारीत शेजारची शिंपीण लिंदाल्वा त्याचा पिवळा फुलाफुलांचा सदरा मागून घेऊन गेली. कशाला, ते मी विचारलं नाही. शुक्रवारी पिशवी घेऊन निघाले, तर ही दारात आडवी. "रविवार सकाळपर्यंत थांब गं गोरे. मग जा कुठे तोंड काळं करायचं तिथे!"

रविवारी दार उघडलं, तर समोर जोसेनिल्दो! बारा फूट उंच, कागदाच्या लगद्याचा. तीच मिशी, तेच बाकदार नाक, अंगात तसाच फुलाफुलांचा, पण पडद्याएवढा पिवळा सदरा. इथे दरवर्षी असे अवाढव्य बाहुले नाचवतात. यंदा गल्लीनं आपल्या माणसाचा केला होता. मी हसले की रडले, आठवत नाही.

पुढची गंमत ऐक. आत शिरून बाहुला नाचवणारा वाल्देसी चर्चच्या उतारावर घसरला आणि त्याचा घोटा टम्म सुजला. बँड गप्प. वाल्देसी ताडमाड, दुसरं कुणी आत शिरलं की बाहुल्याचा सदऱ्याखालचा झगा रस्त्यावर लोळायचा. लिंदाल्वानं एकेकाला नजरेनं मापलं आणि माझ्याकडे वळली. "सहा फुटांची बाई काय नुसती माडासारखी उभी करून ठेवायची?"

मी म्हटलं, "मला नाचता येत नाही."

वाल्देसी पायरीवरून ओरडला, "वहिनी, त्याला तरी कुठे येत होतं! नुसता डुलायचा!"

शिरले आत. डोक्यावर उशी, उशीवर सगळा भार, दोन्ही हातांनी वर धरलेला सांगाडा, बाहुल्याच्या पोटातल्या चिरेतून दिसणारा हातभर रस्ता. बँड सुरू झाला आणि मी डुलले. खिडक्यांतून बायका हाका मारत होत्या, "जोसेनिल्दो, इकडे बघ रे!" मी गर्रकन वळायचे आणि बाहुल्याचे लोंबते हात चार जणांच्या टोप्या उडवायचे. तीन चढ चढले, दादा, या वयात! हे सगळं सव्वीस वर्षं त्याचं होतं, आणि मला एकदाही 'थांब' म्हणाला नाही. आतल्या अंधारात मी त्याला भरभरून शिव्या दिल्या. कुणाला ऐकू गेल्या नाहीत.

आता तुझ्या पत्राचं उत्तर. 'तिथे तुझं आता कोण उरलंय?' असं विचारून तू तिकडे तुझ्या घरातली वरची खोली माझ्यासाठी रंगवून ठेवलीस. महिनाभर मी उत्तर लिहीत होते आणि फाडत होते, कारण ते मलाच ठाऊक नव्हतं. आज सकाळी लिंदाल्वा माशांचा रस्सा घेऊन आली, मागून वाल्देसी लंगडत आला, आणि आता सगळा बँड माझ्या अंगणात बसून भांडतोय, की पुढच्या वर्षी मी फक्त रविवारी नाचायचं की सोमवारीही. मला कुणी विचारतसुद्धा नाहीये. दादा, मी येत नाही. ती खोली नातीला दे. रागावलास, तर इथे ये आणि समोर बसून रागाव.

तुझीच,
इंगून