आबांची चौकड्यांची शाल

सनाबिस, बहारीन

प्रिय निवू,

तुझ्या लेकीचा फोटो मेधानं फ्रिजवर लावलाय. येणारा-जाणारा बघतो आणि मी मामा म्हणून मिरवून घेतो. पण तिला घरी आणून महिना होत आला, तरी तू आबांची शाल मागितली नाहीस. घरातलं प्रत्येक बाळ आधी तिच्यात गुंडाळायचं, ही आपली रीत. आमच्या आर्याच्या वेळी ती इकडे आली ती माझ्याकडेच राहिली. तू मागितली नाहीस हे मला फार लागलंय. का मागितली नाहीस, तेही कळतंय.

शुक्रवारी यूअन जेवायला आला होता. माझ्या ऑफिसातला स्कॉटिश इंजिनियर, त्याचे आजोबा कॅमेरोन हायलँडर्स पलटणीत होते. आर्या शाल पांघरून सोफ्यावर बसली होती. त्यानं पुरणपोळी अर्धी ठेवली आणि शालीकडे बघतच राहिला. हिरव्या-निळ्या चौकड्या, मधून लाल-पिवळ्या रेघा. हा तर आमच्या पलटणीचा किल्ट, म्हणाला. जुन्या चुण्यांच्या खुणाही त्यानं दाखवल्या. दुसऱ्या महायुद्धात लढाईत किल्ट बंद झाले होते, पण बॅगपाइप वाजवणारे आपला किल्ट जिवापाड जपायचे म्हणे. म्हणजे बाबा, तू, मी, सगळे एका गड्याच्या घागऱ्यात गुंडाळले गेलो! मेधाची हसून पुरेवाट झाली.

मग मी आबांची गोष्ट सांगितली, आणि काय सांगू, छाती अशी फुगली होती! मराठा पलटणीतले आपले आबा, काम स्ट्रेचर उचलायचं. एरिट्रियातल्या केरेनच्या त्या डोंगरात स्ट्रेचर न्यायला वाटच नव्हती. आबांनी जखमी गोऱ्याच्या बोचक्यातलं हे कापड काढलं, शिवण उसवून लांब केलं, आणि आपल्याकडच्या बाया पोर बांधतात तसं त्याला पाठीशी बांधून गोळीबारातून खाली आणलं. तो जगला, आणि कापड त्यानं आबांनाच दिलं. गावी आल्यावर आबांनी तान्ह्या बाबांना त्यात गुंडाळलं. हिच्यात माणूस जगतं, एवढंच म्हणाले. ऐकून यूअन उभा राहिला आणि त्यानं शालीला सॅल्यूट केला. मलाही भरून आलं.

तो गेल्यावर मेधा भांडी आवरताना म्हणाली, म्हणजे यातलं पहिलं बाळ परकंच होतं की! निवू, इतकी वर्षं हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. मी तिथूनच आईला फोन लावला. शाल घरच्या रक्तासाठी, दत्तक पोरीसाठी नाही, असं ती तुला बोलली होती ना? मी तिला मेधाचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. मग म्हणाली, रिठ्यानं धू आणि चांगली उन्हात घाल, नातीला टोचायला नको. धुतली आहे. ऑफिसातला यासीन सुट्टीवर चिपळूणला निघालाय, त्याच्याबरोबर शाल आणि हे पत्र पाठवतोय. आईच्या हातानंच गुंडाळून घे.

तुझाच,
सलीलदादा