सेकंदाला आठ चित्रं

प्रिय दादा,

'प्रिय' हा शब्द हाताच्या सवयीने लिहिला गेला, तसाच राहू देते. महिन्याभरापूर्वी तू निरोप पाठवलास, आईला जाऊन वर्ष होतंय, घरी चार माणसं बोलावणार आहेस, तर तिचा एखादा व्हिडिओ पाठव. 'मोबाईलवर चालेल असा कर, आणि ती काय म्हणतेय ते खाली ओळींत टाक, म्हणजे सगळ्यांना कळेल.' काम सांगून मोकळा झालास. माझा अख्खा महिना त्यात गेला. व्हिडिओ आज तयार झाला, सोबतच्या पेन ड्राइव्हमध्ये आहे. पण तो लावायच्या आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. निदान एवढं तरी कर.

आईचा लॅपटॉप आठवतो ना, झाकणाचा कोपरा तुटलेला? त्याच्यावर नवं विंडोज चढेना आणि जुनं रडतखडत चालायचं. आमच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारा एक जण आहे. दिवसभर गिऱ्हाइकांना 'पुढची ओळ वाचा' म्हणत असतो, म्हणून मागच्या खोलीत काचा घासणाऱ्या आम्ही बायका त्याला पुढचीओळच म्हणतो. त्याने जेवणाच्या सुट्टीत त्यात विंडोजऐवजी चालणारं लिनक्स घालून दिलं आणि लॅपटॉप पळायला लागला. पण व्हिडिओ बदलायचा तुझा तो प्रोग्रॅम, मधोमध एक मोठं हिरवं बटण असलेला, तो काही त्यात चालेना. 'ताई, ते बटण विसरा आता,' पुढचीओळ म्हणाला. 'इथे दहा हत्यारं फुकट मिळतील, पण आपल्याला काय पाहिजे ते आपल्याला सांगता आलं पाहिजे.' मला काय पाहिजे ते मला कुठे माहीत होतं! तुझं बटण इतकी वर्षं नेमकं काय करत होतं, तेही माहीत नव्हतं.

ते कळलं तेव्हा मी जाम चिडले. अजून चिडलेलीच आहे.

कॅमेरा तूच आणून दिला होतास. व्हिडिओ कॉलवर आईचे हात अडकायचे, तुला नेहमी घाई असायची, म्हणून तू म्हणालास की तिला जे बोलायचं ते यात बोलू दे, मी सवडीने बघेन. आईला केवढा आनंद झाला होता. ऐकू न येणाऱ्या बाईला कोणी 'सवडीने बोल' म्हणालं, असं तिच्या आयुष्यात फार वेळा घडलं नव्हतं. एखाद्या रविवारी दुपारी साडी बदलून, केस बांधून ती आतल्या खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. मला आत प्रवेश नाही. तो तुमचा दोघांचा मामला. सवडीने बघशील तर तिची भाषाही शिकशील, अशी तिला आशा असावी. तू वर्षातून एकदा यायचास, कार्ड लॅपटॉपला लावायचास, हिरवं बटण दाबायचास, फाइली सोबत न्यायचास आणि कार्ड पुसून ठेवायचास. सात वर्षांत एकसष्ट फाइली झाल्या. त्यांच्या प्रती इथे लॅपटॉपमध्ये पडून होत्या, त्या मी या महिन्यात पहिल्यांदा उघडल्या.

लिनक्समधलं एक साधन फाइल चालवायच्या आधी तिची कुंडलीच मांडतं. आकार किती, सेकंदाला चित्रं किती, आवाज कसा. तिथे लिहिलं होतं, सेकंदाला आठ. साध्या कुठल्याही व्हिडिओत पंचवीस तरी असतात, दादा. तू आठ ठेवली होतीस. आवाज काढून टाकला होतास आणि चित्र तळहाताएवढं केलं होतंस. तुझं म्हणणं मला अजून आठवतंय, 'आवाज तर नाहीच, मग जागा कशाला अडवायची?' आईचा आवाज तिच्या बोटांत होता. एका चित्रात बोट वर आहे, पुढच्यात खाली आहे, आणि मधलं वाक्य गेलं. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला ती डाव्या भुवईवरून सावकाश बोट फिरवते, तू सायकलवरून पडलास त्या व्रणावरून पाडलेलं तुझं नाव. नाव तेवढं दिसतं. त्यापुढे नुसती फडफड. एकसष्ट वेळा तिने तुला हाक मारली आहे आणि त्यापुढचं काही म्हणजे काही वाचता येत नाही. तू यातली एक जरी फाइल उघडून पाहिली असतीस, तरी तुझ्या लक्षात आलं असतं.

मग मी हात धुऊन मागे लागले. दुकानातून आले की लॅपटॉप. एका साधनाने फाइल मोठी केली, तर फडफडही मोठी झाली. दुसऱ्याने चित्र चकचकीत केलं. पुढचीओळने शिकवलं तशा काळ्या खिडकीत हुकमांच्या लांबलचक ओळी टाइप केल्या, एक टिंब चुकलं की लाल अक्षरांत बोलणी खाल्ली. शेवटी लिनक्सवाल्यांच्या एका चर्चेच्या पानावर मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, की आठाची पंचवीस कशी करायची. कोण कुठला माणूस, त्याने सविस्तर उत्तर दिलं. जे फेकून दिलंय ते कुठलंही साधन परत आणू शकत नाही, म्हणाला. मधली चित्रं अंदाजाने रचणारं एक साधन आहे, पण ते रचलेलं असेल, खरं नसेल.

तरी मी ते करून पाहिलं. आणि दादा, आई बोलायला लागली! हात झुळझुळ हलायला लागले. मी खुर्ची पुढे ओढून बसले आणि वाचू लागले, तर त्यात एकही शब्द नव्हता. एका बोटातून दुसरं बोट निघत होतं, मूठ उघडायच्या आधीच विरघळत होती. दिसायला सगळं गोड, अर्थ शून्य. मी लॅपटॉप मिटला. कारण हे काम मी ओळखलं. हेच मी तुमच्या दोघांच्या मध्ये बसून वीस वर्षं करत आले होते.

'जेव', 'ये', 'झोप' आणि 'शाळा' एवढ्या चार खुणांवर तू अख्खं बालपण काढलंस. बाकी सगळं 'छोटीला विचार'. पुढे कॉलवरही तेच. तू म्हणायचास, यंदा जमणार नाही, उगाच कटकट नको. मी हातांनी सांगायचे, त्याच्या खूप मनात आहे यायचं, सुट्टीच मिळत नाही. आई म्हणायची, या मुलाला लाज उरली आहे का विचार. मी तुला सांगायचे, आई विचारतेय, वेळेवर जेवतोस ना? तुम्ही दोघंही माझ्यावर खूश. वहिनी म्हणायची, आई किती समजूतदार आहेत. मला वाटायचं, मी घर सांधून धरलंय. तू येईनासा झालास तरी मी सांधतच होते.

आता तुझ्या व्हिडिओचं. आईच्या शेवटच्या दोन वर्षांत तू आलाच नाहीस, म्हणून एक कार्ड पुसायचं राहिलं. ते कॅमेऱ्यातच होतं. तुझं न येणं एवढं एकच कामाला आलं. त्यात तीन फाइली निघाल्या. पहिल्या दोनांत रिकामी खुर्ची आणि भिंत आहे, बटण चुकून दाबलं असेल. तिसरी चार मिनिटांची, आई दवाखान्यातून घरी आली त्या आठवड्यातली. लिनक्सने ती लगेच उघडली, पण मोबाईलवर चालेना, म्हणून बदलायला घेतली. हँडब्रेक नावाच्या साधनातून काढली, तर हात हलले की बोटांच्या कडांना कंगव्याचे दात फुटायचे. चर्चेच्या पानावरच्या त्याच माणसाला पुन्हा गाठलं. तो म्हणाला, जुने कॅमेरे एका वेळी अर्ध्याच रेषा टिपतात, त्या अर्ध्या टाकून देऊ नका, प्रत्येक अर्ध्याचं एक पूर्ण चित्र करा, सेकंदाला पन्नास होतील. तसं केलं. तिसऱ्या खेपेला जमलं. करंगळी कुठे वळते तेसुद्धा दिसतंय. अंगठ्याचं तुटकं नखही दिसतंय.

ओळी मात्र मी टाकलेल्या नाहीत. आधी टाकल्या होत्या, खोटं कशाला बोलू. 'तुझी फार आठवण येते. सुखात राहा.' चार माणसांत तुझी मान खाली जायला नको, म्हणून. फाइल तयार झाली, एकदा लावून पाहिली. वर आईचे हात आणि खाली माझ्या ओळी. बघवेना. सगळ्या पुसल्या आणि हे पत्र लिहायला घेतलं. ती जे बोलली ते, जसं बोलली तसं खाली उतरवते आहे. लोकांना दाखवायचं की नाही, ते तुझं तू बघ. भुवईवरून बोट म्हणजे तू, दाराकडे बोट म्हणजे मी, एवढं लक्षात ठेव.

'घराला रंग दिला त्या वर्षी कॉलच्या पडद्यावर तू हिला म्हणालास, तिला काय कळतंय, सांग काहीतरी. मला ओठ वाचता येतात. किती येतात ते हिला माहीत नाही. हिने मला सांगितलं, दादा म्हणतोय काळजी घे. मी मान हलवली. हिचं तोंड उतरू नये म्हणून हलवली, तुझ्यासाठी नाही. त्यानंतर ही जे सांगत आली ते सगळं मी तशीच मान हलवत पाहत आले. ही चुकली. माझ्याच भाषेत माझ्याशी खोटं बोलली. पण तू माझी भाषा शिकलासुद्धा नाहीस. या कॅमेऱ्यात मी इतकं बोलले, तू एकाचंही उत्तर दिलं नाहीस. आता बोलणार नाही. मी गेल्यावर तू हिला विचारशील, आई काय म्हणाली. ही तुला सांगेल, आई रागावली नव्हती. मी रागावले आहे.'

तुझी,
यापुढे फक्त बहीण