दुसऱ्यांच्या खटल्यावर बोलायची परवानगी

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

संजीवचा फोन. इथल्या, आखातातल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी — आवाजात कायम पाहुण्यांना हार घालायची घाई. चोवीसला वादविवाद स्पर्धा. "अवधूत, तू हवासच! पण विषय मी ठरवणार. भारतातलं काही नको, इथलं तर नकोच नको. अमेरिकेचं घेतलंय. एकदम सेफ!"

विषय असा : चार वर्षांपूर्वी सहा जानेवारीला अमेरिकेच्या संसदेवर जमाव चालून गेला. त्या दंगलीचे फेडरल खटले ज्या गतीने चालले ती गती योग्य होती का?

सेफ! स्वतः दंगलीच्या खटल्यात आरोपी क्रमांक एक असलेल्या माणसाला सांगतोय, दंगलीचे खटले किती हळू चालतात यावर बोल. संजीवला माझी केस माहीत आहे. पण त्याच्या लेखी दंगल अमेरिकेत झाली की विषय, आणि आमच्या तालुक्यात झाली की भानगड.

हो म्हटलं. बोलायला मिळतंय हेच खूप.

४ जानेवारी

चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या वाट्याला — "गती योग्यच होती." छान! समोर तेरेसा, वसईची, हॉस्पिटलात सिस्टर. म्हणाली, "अवधूतदादा, आवाज चढवू नका हां, मी आयसीयूत काम करते, मला आवाजाची भीती वाटत नाय."

९ जानेवारी

वेस्ट बेच्या ऑफिसातून आलो, तसाच वाचायला बसलो. दीड हजारांवर लोकांवर खटले. भिंतीवर चढलेले, खिडक्या फोडणारे पटापट पकडले गेले. ज्यांनी व्यासपीठावरून भाषणं केली त्यांच्यापर्यंत सरकारी वकील पोचायला वर्षं लागली. तेरेसा हेच धरणार. "माईकवाले मोकळे, दगडवाले आत!"

आणि मी माईकवाला.

आमचं प्रकरण त्यांच्याच वर्षीचं. तालुक्याच्या मैदानावर बोललो, सक्तीने जमिनी घेण्याविरुद्ध. बोललो ते आजही शब्दन् शब्द बोलेन. सभा संपली, जमाव तहसील कचेरीकडे वळला, रेकॉर्ड रूमला आग लागली. जैतूनबी नावाच्या तिथल्या कारकून बाईंचे दोन्ही हात भाजले. मी तेव्हा मैदानातच होतो, मांडववाल्याला वायरी गुंडाळायला मदत करत! आग कोणी लावली ते आजतागायत ठरलेलं नाही. भाषण मात्र रेकॉर्ड झालेलं. म्हणून मी एक नंबर.

अजून आरोपसुद्धा निश्चित झालेले नाहीत. कोर्टाच्या परवानगीने इथे नोकरी करतो. परवानगी सहा-सहा महिन्यांची, आत्ताची मार्चअखेर संपते. वाढली नाही तर सगळ्यांनी परत; मध्येच गावी गेलो तर पुन्हा बाहेर पडता येईल याचा भरवसा नाही. वकिलाची, गजेंद्रची, सक्त ताकीद — जाहीर भाषण नाही, व्हिडिओ नाही. या स्पर्धेचं विचारलं तर हसला. "अमेरिकेवर बोला हो! तिकडचा सरकारी वकील काय तुम्हाला नोटीस काढतोय?"

मुसकं बांधलेला बैल. दुसऱ्याच्या शेतात तेवढं सोडतात.

१३ जानेवारी

हायकोर्टात माझं नाव वगळायचा अर्ज होता. पुन्हा तहकूब. गजेंद्रने भाषणाच्या अधिकृत इंग्रजी भाषांतराचा फोटो पाठवला. मी म्हणालो होतो, "पेटून उठा!" भाषांतरकाराने लिहिलंय — "सेट फायर अँड राइज."

आग लावा आणि उठा!

हे वाक्य मराठीत कोण म्हणत नाही? पतपेढीच्या वार्षिक सभेत लाभांश कमी पडला तरी म्हणतात! गजेंद्र म्हणाला, "दुरुस्ती मागू. त्यालाही तारीख पडेल."

जेवताना हे सांगत होतो. नुपूर मान वर न करता म्हणाली, "बट बाबा, डिड यू टेल देम टु बर्न इट?"

चौदा वर्षांची माझी मुलगी! माझ्या घरात वाढलेली! मी तिला समजावलं — पेटणं म्हणजे मनातलं, माणूस पेटतो, कचेरी नाही. ती म्हणाली, "ओके, बट इट डझ से बर्न."

तिची आई, सुचित्रा, म्हणाली, "जेवू दे तिला." ताटातली भाकरी गार झाली. माझ्या भाषेचा न्याय करायला बसलेले सगळे इंग्रजीत वाचणार. आणि घरातलीही त्यांच्याच बाजूला बसलेली.

१६ जानेवारी

काही नाही. ऑफिस. मार्चनंतरचं वेळापत्रक विचारलं मॅनेजरने. म्हटलं, इन्शाल्ला.

२१ जानेवारी

सकाळी उठलो तर बातमी. अमेरिकेत नवीन सरकार आल्या दिवशीच दंगलीतल्या बहुतेक सगळ्यांना माफी! काहींची फक्त शिक्षा कमी, बाकी मोकळे. ज्यांचे खटले चालू होते तेही मागे.

संजीव हादरलेला. "विषयच मेला रे! बदलू या? 'मोबाइल शाप की वरदान' घेऊ?"

तेरेसाने ग्रुपवर लिहिलं — "नको! गाडी हळू की जोरात यावर भांडत होतो, आता कुणी गाडीच रुळावरून उचलली. उलट मजा!"

दिवसभर अस्वस्थ. त्या दंगलखोरांची मतं मला मुळीच पटत नाहीत. तरी माफीचं ऐकल्यावर पहिला विचार काय आला? — नशीबवान लेकाचे! लाज वाटली. पण आला, तर लिहितो.

२४ जानेवारी, शुक्रवार

स्पर्धा झाली. मी जिंकलो.

चार वर्षांनी माईक हातात. बोललो! तुफान बोललो. न्याय घाईने केला तर तो दुसरा जमावच असतो. पुरावा गोळा करायला जेवढा वेळ लागतो तेवढा द्यायलाच हवा. दीड हजार माणसं म्हणजे दीड हजार वेगळे खटले, एक गठ्ठा नव्हे! टाळ्या. मागच्या रांगेतले तर उभे राहिले. बोलताना कळलं, चिठ्ठीने दिलेली बाजू मला पटायला लागलीय — एक पुस्ती जोडून. वेळ घ्या, पण निकाल द्या. चालू खटला सोडून उठून जाऊ नका.

मग तेरेसा. कागद नाही, काही नाही. म्हणाली, "दादा फार छान बोलले. मी एवढंच विचारते. शंभरावर पोलिसांना मार बसला. खटला हळू चालवला तेव्हा त्यांना विचारलं होतं का? जोरात चालवला तेव्हा? माफी दिली तेव्हा तरी? आमच्याकडे जखमेवर ड्रेसिंग करायच्या आधी पेशंटला सांगतो. एवढंसुद्धा नाय."

खाली बसली. टाळ्या जेमतेम. ढाल मला दिली. मी दिवसभरात जैतूनबीचा एकदाही विचार केला नव्हता.

२८ जानेवारी

गजेंद्रचा फोन, ऑफिसात. जिन्यात जाऊन घेतला.

"सुटलात साहेब! राजकीय आंदोलनांचे खटले मागे घ्यायचं सरकारने ठरवलंय. यादीत आपला आहे. कोर्टाची मंजुरी राहिली, ती होईल. पासपोर्ट मोकळा, परवानग्या बंद!"

जिन्यातच बसलो. रडलो. लिहायला हरकत नाही, रडलो. सुचित्राला सांगितलं तर फोनवरच तिचा श्वास मोठा ऐकू आला. घरी आलो तेव्हा शिरा केलेला. नुपूरला म्हणाली, "आता खरंच उन्हाळ्यात आजीकडे जायचं, सगळ्यांनी!"

शिरा खाताना परत गजेंद्र. "एक किरकोळ अडचण. ती जैतूनबी हरकत घेतेय. म्हणते, खटला मागे घेऊ नका, कुणी लावली ते तरी मला कळू द्या. काळजी नको. एकटी बाई, किती दिवस उभी राहणार?"

३० जानेवारी

सुचित्राशी भांडण. आवाज न चढवता. तेच जास्त वाईट.

मी म्हटलं, खटला असा मागे घेतला तर ते भाषांतर कायम तसंच राहील. आग लावा म्हणणारा आणि आग लावणारा, एका यादीत, एका सहीने मोकळे.

"मग? मोकळे तर होतोय ना!"

"मी केलं नाही हे कुणी म्हटलं नाही, सुचित्रा. फक्त जाऊ दे म्हटलं."

"तुला निर्दोष व्हायचंय. मला आणि नुपूरला नुसतं घरी जायचंय. दर सहा महिन्यांनी मी निम्म्या बॅगा भरून ठेवते, ते तुझ्या भाषणात कधी आलं का रे?"

नाही आलं. कुठल्याच भाषणात नाही.

"आणि निकाल विरुद्ध गेला तर?" तिने विचारलं. मी मोबाइलवर ते भाषांतर पुन्हा उघडलं. ती नुपूरच्या खोलीत जाऊन झोपली.

मी लावली नाही हे मला ठरवून हवंय. कुणी लावली हे जैतूनबीला. बाकी सगळ्यांना — सरकारला, गजेंद्रला, माझ्या घराला — आम्ही दोघं गप्प बसायला हवे आहोत. म्हणजे माझ्या बाजूने जगात एकच माणूस उरलंय. तेही फिर्यादी पक्षाचं!

२ फेब्रुवारी

गजेंद्रला फोन केला. म्हटलं, कोर्टात पुरसिस दे, लेखी सांग — जैतूनबीच्या हरकतीला आरोपी क्रमांक एकचा पाठिंबा आहे, खटला चालवावा. तो म्हणाला, "साहेब, असं आजवर कुणी दिलेलं नाही. कारण काय लिहू?" सुचित्रा दारात उभी होती. तिच्याकडे बघत सांगितलं, "लिही, त्या बाईला अजून कुणी काही विचारलेलं नाही."