गढूळ बाटली

प्रिय बाबा,

आईला सांगा, मी वेळेवर जेवते. तुमचा गुडघा कसा आहे?

होडी विकायची म्हणता? "हात म्हातारे झाले, मासा लागत नाही," हे मला साफ नामंजूर! दोष पाण्याचा आहे. आमची संशोधनाची बोट पाणी तपासायला समुद्रातून बारीक कापडाची जाळी ओढते. दोन वर्षं जाळीच्या टोकाला बांधलेल्या बाटलीत नितळ पाणीच यायचं. डोळ्यांना न दिसणारं हिरवं प्लवक नाही, तर ते खाणारे बारीक जीव नाहीत. मग माशांची पिल्लं जगणार कशावर?

काल बाटली गढूळ आली. स्वयंपाकी धुवायला निघाला, तर कप्तान ओरडले, "अरे, माशांचं जेवण आहे ते!"

हेच पाणी पुढे तुमच्याकडे येतं. पिल्लं वाढेपर्यंत तुमचं बारीक विणीचं जाळं माळ्यावरच ठेवा.

आणि होडी विकलीत, तर मला बंदरावरून घरी कशातून नेणार?

तुमची भांडखोर लेक